वडगावचा पोरगा, तीन भाषांतल्या फायली आणि बावीस नंबरचं गुणसूत्र

सुरुवातीलाच सांगते, या घरातल्या कुणाचं नाव इथं येणार नाही, काही बारीकसारीक गोष्टी मुद्दाम हलवल्यात. वडगाव-खासबागकडचे मागवाले एवढंच सांगते, बेळगावात राहणाऱ्याला तेवढ्यावर खटखट ऐकू येते. घरच्यांना विचारूनच लिहितेय. बापाला विचारलं तर म्हणाले, "लिवा की मॅडम, आमची पंधरा वर्षं गेली तशी दुसऱ्याची जायला नकोत." मी एका मानसोपचार क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. गोळ्या डॉक्टर लिहितात, माझं काम ऐकायचं आणि बोलायचं, आणि आमच्या भागात आणखी एक काम आपोआप गळ्यात पडतं, कन्नड आणि इंग्रजी कागद मराठीत समजावून सांगायचं. (माझ्या लिहिण्यात 'पण'च्या जागी मध्येच 'खरं' येतं, बेळगावची सवय आहे, चालवून घ्या.)

पोरगा आला तेव्हा पंधरा वर्षांचा. मृगाचा पाऊस नुकता सुरू झालेला, वीज गेलेली, आमचा जनरेटर चालू होता आणि हा दोन्ही कानांत बोटं घालून बाकावर बसलेला. सोबत आई, बाप आणि आज्जी. थोरली बहीण आली नव्हती, तिचं कारण पुढं येईल.

चौदावं लागल्यावर हे सुरू झालं असं बाप सांगत होते. आधी मित्रांत जायचं बंद केलं, मग शाळेत गप्प बसायला लागला, मग दहावीचं पुस्तकच उघडेना. घरात चार माग, सकाळपासून रात्रीपर्यंत आवाज, आणि याचं म्हणणं असं की त्या खटखटीत माणसं बोलतात, याचं नाव घेतात, हा काय करतोय ते एकमेकांना सांगतात. घरच्यांना वाटलं आवाजानं डोकं उठलंय पोराचं, म्हणून त्याला महिनाभर मावशीकडं ठेवलं. तिथं माग नव्हता. तिथंही बोलणं चालूच. आणि लाईट गेली की अख्खी गल्ली गप्प होते, तेव्हा घरातल्यांना बरं वाटायचं की आता जरा शांत होईल, खरं तेव्हाच तो जास्त बिथरायचा. मी त्याला एकट्याला विचारलं तर म्हणाला, "माग चालू असला की वाटतंय मागच बोलतोय. बंद पडला की कळतंय, मागाचं काय नाही." हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलंय. एखाद्या आवाजात शब्द भासणं वेगळं आणि आवाजच नसताना शब्द ऐकू येणं वेगळं, आणि हा फरक पोरानं आम्हाला फुकटात सांगून टाकला.

नंतर आईच्या हातचं जेवायचं बंद केलं, त्यात सुताचा रंग घालतात म्हणून. मग सौंदत्तीला यल्लम्माला नेऊन आणलं, एका देवर्ष्यानं अंगारा दिला, मी याला नावं ठेवत नाही, आमच्याकडं येणारी दहातली कितीतरी घरं आधी तिकडं जाऊनच येतात आणि तिथं त्यांना निदान कुणी मोबाईलचं येड म्हणून हाकलून देत नाही. एका डॉक्टरनं नेमकं तेच केलं होतं, मोबाईल काढून घ्या आणि ही झोपेची गोळी द्या. सात महिने त्यात गेले.

आमच्या डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, घरात आणखी कुणाला असला काही त्रास? बाप तोंड उघडायच्या आत आज्जी बोलल्या, "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत असलं काय न्हाई. हिच्या माहेरचं आलंय. हिचा भाऊ तसलाच." आई चंदगडकडची. भाऊ दारू प्यायचा, भांडण करून गोव्याला गेला तो परत आला नाही, एवढीच हकीकत. आता माझी चूक सांगते. मी पहिल्या दिवशीच्या कागदावर लिहिलं: मामा, मानसिक आजार, होय. आज्जींच्या शब्दावर. आईला विचारलंसुद्धा नाही, आणि ती समोर बसली होती.

आई काही बोलली नाही, ती त्या वेळी पोराची बोटं चोळत होती. त्याची बोटं आखडून अंगठा तळव्याकडं वळला होता, आणि ती अगदी सवयीनं, लक्षही न देता एकेक बोट सरळ करत होती. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? "मुंग्या येतात त्याला सर, वळतात हात. लहानपणापास्नं आहे. चोळलं की जातंय."

तिथून केस फिरली.

डॉक्टरांनी शर्टाची बटणं काढायला सांगितली. छातीच्या मधोमध उभा व्रण. "हे सांगितलं नाहीत?" तर बाप म्हणाले, "ते हार्टाचं हो, तीन वर्षांचा असताना ऑपरेशन केलंय बेंगळूरला, आता त्याचं काय नाही." बोलताना पोराचा आवाज नाकातून येत होता, शाळेत त्याला गेंगाण्या म्हणायचे. चेहरा लांबट, पापण्या जरा जड, कान लहान, बोटं लांब आणि बारीक. एकेक बघितलं तर यात काहीच नाही, अशी पोरं गल्लीत दहा सापडतील. डॉक्टरांनी सांगितलं, घरात जेवढे म्हणून कागद असतील तेवढे घेऊन या, जुने, फाटके, सगळे. आणि रक्तातलं कॅल्शियम त्याच दिवशी करायला लावलं. ६.९ आलं. साधारण साडेआठच्या वर पाहिजे असतं.

आई दुसऱ्या दिवशी साडीच्या दुकानाच्या नायलॉन पिशवीत पंधरा वर्षं घेऊन आली. आम्ही ते टेबलावर मांडलं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, त्यात हृदयाच्या पडद्याला छिद्र, आणि खाली एका ओळीत 'कॅल्शियम कमी, सुधारले' असं लिहिलेलं. सातव्या वर्षी तापात आकडी आली होती त्याचा सरकारी दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये. मराठी शाळेतल्या बाईंची चिठ्ठी, 'मुलगा समजूतदार आहे परंतु गणितात फार मागे, उच्चार स्पष्ट नाहीत, घशाच्या डॉक्टरांस दाखवावे.' घशाच्या डॉक्टरांचा कागद पण होता, टॉन्सिल नाहीत, काळजीचं कारण नाही. म्हणजे पुरावा सगळा होता. खरं प्रत्येक कागद वेगळ्या भाषेत, वेगळ्या खात्याचा, आणि तिन्ही भाषा वाचणारा माणूस त्या पिशवीत कधी डोकावलाच नाही. हृदयवाल्यांनी हृदय दुरुस्त केलं, आकडीवाल्यांनी ताप उतरवला, बाईंनी बिचारीनं सर्वांत नीट लिहिलं होतं आणि तिची चिठ्ठी तर कुणी डॉक्टरला दाखवलीच नाही, कारण ती शाळेची.

डॉक्टर म्हणाले, हृदय, टाळू (नाकातला आवाज त्यामुळंच), कॅल्शियम, गणित आणि आता हे, माझा संशय बावीस नंबरच्या गुणसूत्रावर आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. बावीस नंबरच्या गुणसूत्रावर २२क्यू११.२ म्हणून एक जागा आहे, तिथला तुकडा काही जणांत एका बाजूनं गळालेला असतो. तुकडा बहुतेकांत सुमारे ३० लाख अक्षरांचा (डीएनएच्या साखळीतला एकेक घटक म्हणजे एक अक्षर, आणि सगळी अक्षरं मिळून आपली पोथी), त्यात चाळीसच्या वर जनुकं. ऐकायला मोठं वाटतं, खरं अख्खी पोथी ३०० कोटी अक्षरांची आहे. साधारण ४००० बाळांमागे एक असा जुना हिशोब आहे, आताच्या मोजण्यांत त्याहून जास्तच निघतात. १९६५ मध्ये अँजेलो डीजॉर्ज या डॉक्टरनं यातल्या काही बाळांचं वर्णन केलं, १९७८ मध्ये रॉबर्ट श्प्रिंट्झेननं टाळू, हृदय आणि चेहऱ्याच्या बाजूनं वर्णन केलं, आणि बरीच वर्षं हे दोन वेगळे आजार समजले जात होते. म्हणजे कागद वेगवेगळ्या पिशव्यांत राहण्याचा प्रकार काही वडगावात सुरू झालेला नाही. पोटातल्या बाळाचा घशाकडचा जो भाग असतो, त्यातूनच पुढं टाळू, कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या बारीक ग्रंथी आणि हृदयाच्या वरच्या नळ्या आकाराला येतात, म्हणून तिथं उणं पडलं की एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या गोष्टी एकत्र बिघडतात.

आणि मेंदू. हा तुकडा गेलेल्यांपैकी मोठेपणी चारांतल्या साधारण एकाला स्किझोफ्रेनिया होतो, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय पक्के बसणं, या पोराला झालं तसं. एरवी लोकांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा थोडं कमी. कुठल्याही एका जनुकीय बदलानं धोका इतका वाढतो असं या आजारात फार थोड्या ठिकाणी दिसतं. खरं उलट बाजू पण तितकीच खरी, चारांतल्या तिघांना होत नाही, आणि का होत नाही ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

टेस्टचा खर्च पंधरा हजारांच्या वर होता, मायक्रोअॅरे म्हणतात त्याला, गुणसूत्राचा लहान तुकडा गळालेला असला तरी त्यात दिसतो, सँपल बेंगळूरला जातं. साधी गुणसूत्रांची टेस्ट स्वस्त पडते खरं एवढा लहान तुकडा त्यात बहुतेक सुटतो, आणि एकदा 'नॉर्मल' असा कागद हातात पडला की मग कुणी परत शोधत नाही. बापानं विचारलं, टेस्ट करून गोळी बदलणार काय? हा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. डॉक्टर म्हणाले गोळी एकदम बदलणार नाही, खरं गोळी कशी द्यायची, काय सांभाळायचं, आकडी येईल का, ते बदलेल. बाप म्हणाले बघतो. चार दिवसांनी पैसे घेऊन आले.

रिपोर्ट आला, संशय खरा ठरला.

आता हे घरी सांगायचं माझ्याकडं. मी 'जनुक', 'गुणसूत्र' असे शब्द वापरले, कुणाच्या तोंडावरची रेषा हलली नाही. मग चित्र काढलं, दोन काड्या, एकीचा तुकडा खोडलेला. बाप बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे पत्त्याच्या माळेसारखं दिसतंय." ज्यांनी जेकार्डचा माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ फिरत असते, प्रत्येक पत्त्याला भोकं, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि एकेक पत्ता पुढं सरकत काठावरचा मोर तयार होतो. पत्ते दोरीनं ओवलेले असतात. बाप सांगायला लागले, एकदा नवीन माळ ओवणाऱ्या पोरानं घोळ केला होता, डिझाईनमध्ये दोन ठिकाणी सारखेच दिसणारे पत्ते होते, त्याला वाटलं हे ते आणि ते हे, आणि पहिल्या ठिकाणावरून एकदम दुसऱ्याला दोरी लावली. मधले पत्ते बाजूलाच राहिले. "काठावर मोर आला, मानच न्हाई मोराला. धड आणि एकदम तुरा."

मी खुर्चीवरून उठलेच, कारण २२क्यू११.२ ला नेमकं हेच होतं. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारख्या अक्षरांचे लांब पट्टे असतात. बीज किंवा अंडं तयार होताना गुणसूत्रांची जोडी एकमेकांना चिकटते आणि तुकड्यांची अदलाबदल करते, त्या वेळी एकाचा पहिला पट्टा दुसऱ्याच्या शेवटच्या पट्ट्यासमोर येऊन बसला की मधला भाग एका बाजूला गळतो आणि दुसऱ्या बाजूला जादा होतो. (जादा झालेली माणसं पण असतात, आणि गंमत म्हणजे २०१४ च्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांत ती उलट कमी सापडली, म्हणजे तो जादा तुकडा कदाचित थोडंफार राखतो.) आईची माळ पूर्ण असू शकते, बापाची पूर्ण असू शकते, चूक फक्त ओवताना, एकदाच. याला नवीन म्युटेशन म्हणतात. या तुकड्याच्या बाबतीत दहांतल्या साधारण नऊ जणांत तो असाच नव्यानं गेलेला असतो, उरलेल्या एकात आईकडून किंवा बापाकडून आलेला.

बापानं लगेच पुढचं विचारलं, "दुसरी माळ चांगली आहे न्हवं त्याच्याकडं, मग मोर पुरा का येत न्हाई?" इथं उपमा अडते, मी तसं सांगितलं. माग एका वेळी एकच माळ चालवतो, शरीर दोन्ही चालवतं, एक अपुरी असली की त्या भागातला माल निम्माच निघतो, काही कामांना निम्मा पुरतो, काहींना नाही.

मग आईबापांची टेस्ट. ही लहान असते, फिश म्हणतात, रंगीत ठिपके चमकवून बघतात, दोन दिसले तर तुकडा दोन्हीकडं आहे. बाप तयार होते. आई नाही. दोन वेळा तारीख ठरली, दोन्ही वेळा ती आली नाही, एकदा गावची यात्रा, एकदा पाहुणे. तिसऱ्यांदा एकटी आली आणि दार लावून घेऊन म्हणाली, "मॅडम, माझ्यात सापडलं तर आत्तींच्या (सासूबाईंच्या) समोर सांगू नका. पंधरा वर्षं मी गप्प बसून काढलीत, ह्या कागदानंतर मला त्या घरात तोंड राहायचं नाही." मी तेव्हा तिला आमचा नियम सांगितला, ज्याचं रक्त त्याचा रिपोर्ट, आधी एकटीला सांगणार, पुढं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवणार. तरी तिनं दोनदा खात्री करून घेतली. आणि मी तिला मामाबद्दल विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. भाऊ पेंटिंगची कामं घेतो मडगावला, फोन येतो त्याचा गणपतीला, सासरी सांगितलेलं नाही. मी तो कागद काढून ती ओळ खोडली.

दोघांचेही ठिपके दोन-दोन. कुणाकडूनच आलेलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती रडली-बिडली नाही. म्हणाली, "हे मराठीत लिहून द्या." मी अर्ध्या पानावर लिहून दिलं, डॉक्टरांची सही, शिक्का. आज्जींनी तो कागद नातीकडून वाचून घेतला म्हणे, आणि म्हणाल्या, "कागदावर काय बी लिवतात." पुढच्या खेपेला मात्र त्या आल्याच नाहीत. यालाच बदल म्हणायचं का, मला माहीत नाही.

मग निपाणीच्या कुणा पाहुण्यानं मोबाईलवर काहीतरी पाठवलं, बाप उशिरा झाला की पोरं वेडी होतात म्हणून. पोराच्या जन्मावेळी बाप ३८ चे. झालं, आईवरून काढलेलं गाठोडं बापाच्या डोक्यावर. यात अर्धं खरं आहे म्हणून नीट सांगावं लागलं. आईसलँडमध्ये २०१२ मध्ये आईबाप आणि मूल अशा कुटुंबांची अख्खी पोथी वाचून मोजलं, प्रत्येक बाळात साठ-सत्तर अक्षरं नव्यानं बदललेली असतात आणि बापाचं वय एका वर्षानं वाढलं की त्यात साधारण दोनांची भर पडते, कारण बीज तयार करणाऱ्या पेशी आयुष्यभर नक्कल करत राहतात, नकलेवर नक्कल. त्याआधी २००१ मध्ये जेरुसलेमच्या जन्मनोंदींवरून डोलोरेस मालास्पिना यांनी दाखवलं होतं की पंचविशीच्या आतल्या बापांच्या तुलनेत ४५ ते ४९ च्या बापांच्या मुलांत स्किझोफ्रेनिया दुप्पट आणि पन्नाशीच्या पुढं तिप्पट. खरं हे सुट्या अक्षरांच्या चुकांचं. बावीसवरचा तुकडा गळण्याची तऱ्हा वेगळी आहे, तो आईच्या बाजूनंही गळतो, बापाच्या बाजूनंही, तरुण जोडप्यांतही. वय ३८ होतं म्हणून हे झालं असं म्हणायला आधार नाही. आणि दुप्पट-तिप्पट ऐकून घाबरणाऱ्यांना मी नेहमी विचारते, कशाच्या दुप्पट? शंभरात एकाच्या.

नवीन म्युटेशनकडं शास्त्रज्ञ वळले त्यामागं एक साधं कोडं आहे. स्किझोफ्रेनिया झालेल्यांना मुलं कमी होतात, लग्नंच होत नाहीत बऱ्याच जणांची, मग आजार पिढ्यान्‌पिढ्या कमी कमी होत जायला पाहिजे होता, तसा तो झाला नाही. याचं एक उत्तर असं की काही भर दर पिढीत नव्यानं पडत असते. २००८ मध्ये मारिया कारायोर्गू आणि जोसेफ गोगोस यांच्या गटानं दाखवलं की ज्यांच्या घरात दुसऱ्या कुणाला आजार नाही अशा पेशंटांत नव्यानं गळालेले किंवा जादा झालेले तुकडे निरोगी लोकांपेक्षा सुमारे आठपट सापडतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात जनुकं बिघडवणारे दुर्मिळ तुकडे निरोगी लोकांत ५ टक्के, पेशंटांत १५ टक्के, आणि ज्यांचा आजार अठराच्या आत सुरू झाला त्यांच्यात २० टक्के निघाले. अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या गटानं तर तेराव्या वर्षाच्या आत आजारी पडलेल्या मुलांचाच अभ्यास वर्षानुवर्षं केला, हा प्रकार फार दुर्मिळ, आणि त्यांच्यात २२क्यू११.२ चा तुकडा गळालेली मुलं साधारण ४ टक्के होती, मोठेपणी आजारी पडणाऱ्यांत हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली. आजार जितका लहानपणी सुरू होतो तितकी असं काहीतरी ठळक सापडायची शक्यता वाढते. तरी ४ टक्के म्हणजे शंभरातली ९६ मुलं या तुकड्याशिवायच आजारी पडली, हे विसरून चालणार नाही. बहुतेकांत शेकडो लहान लहान बदल आईबाप दोघांकडून थोडे थोडे आलेले असतात आणि वर गर्भारपण, ताण, गांजा असलं काय काय. म्हणून कुणी आपल्या पेशंटचं गुणसूत्र तपासून घ्या असा सरसकट निरोप माझ्याकडून नेऊ नका. हृदयाचं ऑपरेशन, नाकातला आवाज, आकडी, शिकण्यात मागं, यातलं काही सोबत असेल तर मात्र विचारा, आणि जुनी पिशवी घेऊन जा.

उपचाराचं सांगते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून, हातांचं वळणं पंधरा दिवसांत थांबलं, नुसतं तेवढ्यानं त्याची चिडचिड बरीच उतरली. पहिलं औषध अगदी कमी डोसनं सुरू केलं तरी अंग ताठ झालं, मान एका बाजूला ओढायला लागली. दुसरं बदललं, चार महिने दिलं, आवाज होते तसेच. धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या दवाखान्यात, एकदा दाखवून आणलं, तिथंही पुढचं पाऊल क्लोझापिनचंच सांगितलं. लहान वयात सुरू होणाऱ्या आणि बाकी औषधांना दाद न देणाऱ्या आजारात हे औषध चांगलं चालतं हे रॅपोपोर्ट यांच्या गटानंच १९९६ मध्ये दाखवलेलं. खरं बावीसवाल्यांत त्यानं आकडी यायची भीती जास्त, पांढऱ्या पेशी पण उतरू शकतात. म्हणून कॅल्शियम पक्कं करून, डोस मुंगीच्या पावलानं चढवत नेला, आणि पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त. बाप दर सोमवारी सकाळी माग सुरू करायच्या आधी त्याला स्कूटरवरून घेऊन यायचे. एक सोमवार चुकला नाही. मध्ये एकदा झटका आल्यासारखं झालं, डोस मागं घेतला, परत चढवला.

आता तो अठराचा आहे. आवाज गेलेत असं मी लिहिणार नाही. कमी झालेत, "लांबच्या गल्लीत बोलल्यासारखं" असं तो म्हणतो. दिवसाला चार-पाच तास कांड्या भरतो, आईच्या हातचं जेवतो. वजन अकरा किलोनं वाढलंय, त्याची त्याला लाज वाटते. दहावी बाहेरून द्यायचा विचार आहे, गणिताला पर्याय मिळतो का ते बघतोय.

बहिणीचं राहिलं. ती २१ ची, निपाणीकडचं स्थळ बोलणीत होतं, म्हणून तिला क्लिनिकच्या आसपाससुद्धा येऊ देत नव्हते. रिपोर्टनंतर ती स्वतःच आली, एकटी, रिक्षानं. तिनं विचारलं, माझ्यात असेल काय? आईबाप दोघांत नाही म्हटल्यावर भावंडात असायची शक्यता फारच थोडी उरते, शंभरात एकाच्या आसपास, ती पण अशासाठी की आईबापाच्या बीज तयार करणाऱ्या काही थोड्याच पेशींत चूक लपून बसलेली असू शकते, जी रक्तात दिसत नाही. टेस्ट करायची की नाही हा तुझा प्रश्न, म्हटलं. मग तिनं पर्समधून कागद काढला, स्थळाकडच्यांनी मागितलेलं, 'घरात वेडाचा आजार नाही' असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. डॉक्टरांनी नाही म्हटलं. पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर द्यायची नाही हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे, आणि खोटं लिहून देणार नाही. तिला राग आला, मला पण त्या क्षणी वाटलं काहीतरी द्यायला पाहिजे होतं पोरीला. ते स्थळ मोडलं. तिनं टेस्ट केली नाही. सध्या ती शहापूरला एका दुकानात हिशोब बघते.

पोरगा मागच्या महिन्यात माझ्याकडं बसला होता, बाप बाहेर. इकडचं तिकडचं बोलून एकदम म्हणाला, "मला पोरं झाली तर त्यांना?" हे कधीतरी येणार मला ठाऊक होतं. त्याच्याकडं एक माळ पुरी आणि एक अपुरी, प्रत्येक मुलाला त्यातली एकच जाणार, म्हणजे निम्मी शक्यता, दर वेळी. म्युटेशन त्याच्यापुरतं नवीन होतं, त्याच्यापासून पुढं ते जुनं झालं. मी तसंच सांगितलं, आणि हेही सांगितलं की पुढं वेळ आली की आधी तपासून घ्यायचे रस्ते आहेत, तेव्हा बसून बोलू. तो बोटं मोडत बसला, सरळ बोटं. मग म्हणाला, "म्हणजे टॉसच." म्हटलं, होय, टॉस. "आणि आक्काला नाही ना?" म्हटलं, जवळजवळ नाहीच.

या महिन्यात त्याचं कॅल्शियम ८.६ आलंय. हृदयाचा इको आणि कानाची तपासणी बाकी आहे, दोन्हीच्या चिठ्ठ्या मी तिन्ही भाषांत लिहून त्याच नायलॉन पिशवीत घातल्यात.